कोल्हापूरहून कांगेर घाटी: गुहा बघायच्या तर तारीख आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरची दहा माणसं. त्यात ६८ वर्षांच्या सासूबाई, दम्याचा त्रास असलेले दीर, ९ आणि १३ वर्षांची मुलं, बाकी धडधाकट. दाजीपूर, चांदोली, आंबोली बघून झालं. आता दिवाळीच्या सुट्टीत छत्तीसगडमधल्या बस्तर भागातलं कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान आणि तिथल्या गुहा बघायच्या आहेत. कसं जायचं, किती दिवस काढायचे, सगळ्यांना गुहेत उतरता येईल का, आणि तिकडे जाणं सुरक्षित आहे का. कोल्हापुरातून जंगलात गट घेऊन जाणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे आणि कांगेरची वाट पायाखालची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, सगळ्यात आधी दिवाळीचा बेत बदला. कांगेरमधली मुख्य गुहा म्हणजे कुटुमसर. काही ठिकाणी कोटमसर असंही लिहिलेलं दिसेल. ही गुहा जमिनीच्या पोटात आहे आणि कांगेर नदी तिच्या जवळून वाहते. पावसाळ्यात गुहेत पाणी भरतं. जूनच्या मध्यापासून वनखातं ती बंद ठेवतं. पाऊस ओसरला, आतलं पाणी उतरलं, चिखल काढून वाट साफ झाली की मग उघडतं. हे साधारण नोव्हेंबरात होतं, पण नोव्हेंबरच्या कुठल्या दिवशी, हे त्या वर्षीच्या पावसावर. बस्तरमध्ये पाऊस ऑक्टोबरातही रेंगाळतो. दिवाळी ऑक्टोबरअखेर आली तर गुहा बंद मिळायचीच शक्यता जास्त. दिवाळी नोव्हेंबरात असली आणि सुट्टीचा शेवटचा आठवडा तुमच्या हाताशी असला, तर आधी जगदलपूरला, म्हणजे बस्तरच्या मुख्य शहरात, उद्यानाच्या कार्यालयात फोन करून गुहा उघडल्याची खात्री करा आणि मगच निघा. दहा माणसांची तिकिटं ‘बहुतेक उघडेल’ एवढ्यावर काढू नयेत.

माझी पसंती जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. वाट कोरडी असते, सकाळी छान थंडी असते, पक्षी भरपूर दिसतात. मुलांची आठवडाभर शाळा बुडेल, ती बुडू द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. २५ डिसेंबर ते १ जानेवारी मात्र टाळाच. रायपूर, विशाखापट्टणमची सगळी गर्दी त्या आठवड्यात तिथे लोटते आणि अरुंद भुयारात पुढच्याच्या पाठीला नाक लावून चालावं लागतं. शनिवार-रविवारही शक्यतो नको.

फेब्रुवारीत गेलं तर तीरथगडचा धबधबा बारीक झालेला असेल, हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. खरं आहे ते. धबधबा ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरात असतो आणि नेमकी तेव्हाच गुहेची खात्री नसते. दोन्ही एकदम मिळत नाहीत, एक निवडावं लागतं. धबधबे आपल्याला राऊतवाडीला, बर्कीला, आंबोलीला बघायला मिळतात. कुटुमसरसारखी गुहा सबंध पश्चिम महाराष्ट्रात नाही. म्हणून मी गुहेच्या बाजूने.

इथे तशी गुहा का नाही, हे मुलांना निघण्यापूर्वी सांगून ठेवा, म्हणजे आत गेल्यावर ती नुसती ‘आकार कशासारखा दिसतो’ यात अडकणार नाहीत. आपला सह्याद्री लाव्हारसाच्या थरांचा, म्हणजे काळ्या बेसॉल्टचा. पोहाळ्याची लेणी माणसांनी छिन्नी-हातोडीने खोदलेली आहेत. कांगेरचा डोंगर चुनखडीचा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरतं, त्याचं सौम्य आम्ल होतं आणि ते चुनखडी विरघळवत खडकाच्या भेगा रुंद करत जातं. अशी हजारो-लाखो वर्षं गेली की भुयार तयार होतं. मग त्याच भुयाराच्या छतातून थेंब ठिबकतो. उघड्या हवेत आल्यावर थेंबातला वायू निघून जातो आणि विरघळलेला चुना मागे राहतो. बोअरच्या पाण्याने गिझरच्या नळाला पांढरा थर धरतो ना, क्रिया तीच. छतावरून खाली वाढतो तो लवणस्तंभ, जमिनीवरून वर वाढतो तोही लवणस्तंभच, आणि दोघे भेटले की खांब होतो. वाढ इतकी सावकाश की माणसाच्या अख्ख्या आयुष्यात डोळ्यांना फरक दिसत नाही.

त्या थरांत काय साठलेलं असतं, याचं एक उदाहरण आपल्या इतिहासाला थेट भिडतं. कांगेरमध्येच दंडक नावाची दुसरी गुहा आहे. तिथल्या एका लवणस्तंभाचे थर शास्त्रज्ञांनी तपासले. प्रत्येक थरातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणावरून, त्या काळी पाऊस चांगला होता की कमी, याचा अंदाज बांधता येतो. इसवी सन ६०० ते १५०० या नऊशे वर्षांची मान्सूनची नोंद त्यातून मिळाली आणि २००७ साली ती प्रसिद्ध झाली. चौदाव्या शतकात पाऊस कमजोर झाल्याचं त्यात दिसतं, आणि १३९६ च्या सुमारास सुरू झालेला दख्खनचा दुर्गादेवीचा दुष्काळ त्याच काळात येतो. ज्या दुष्काळाने आपल्याकडची गावंच्या गावं ओस पडली, त्याची खूण बस्तरच्या गुहेतल्या दगडात आहे. तुम्ही इतिहास शिकवता असं लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. आणि म्हणूनच आत गेल्यावर एकाही स्तंभाला हात लावायचा नाही. हाताचा तेलकटपणा लागला की त्या जागी चुना नीट धरत नाही. कुटुमसरमध्ये बॅटरीचा झोत खालून वर हळूहळू नेऊन बघा: माणसाचा हात पोचतो तिथपर्यंत स्तंभ काळपट, तुळतुळीत आणि त्याच्या वर मळकट पांढरा, खरबरीत. हा फरक मुलांना दाखवला की पुन्हा हात लावू नका असं बजावायची वेळ येत नाही.

आता गुहा कोणत्या आणि कोणासाठी.

कुटुमसर सगळ्यात प्रसिद्ध. स्थानिक लोकांना ती आधीपासून ठाऊक होती. १९५१ मध्ये भूगोलाचे अभ्यासक डॉ. शंकर तिवारी यांनी तिचा पद्धतशीर शोध घेतला आणि तेव्हापासून ती बाहेरच्या जगाला माहीत झाली. मुख्य भुयार सुमारे ३३० मीटरचं. शेवटाला एक मोठा स्तंभ आहे, त्याला लोक शिवलिंग मानतात. सासूबाई तिथवर गेल्या तर नमस्कार जरूर करू द्या, पण उदबत्ती, कापूर, नारळ, हळद-कुंकू काहीही आत नेऊ नका. बंद जागेत धूर बाहेर पडायला वाटच नसते. कैलास गुहा उद्यानाच्या कर्मचाऱ्यांना १९९३ मध्ये सापडली. ती टेकडीवर आहे, म्हणजे आधी चढायचं आणि मग आत शिरायचं. तिथले काही पातळ स्तंभ वाजवले तर नाद येतो, आणि कोणीतरी ‘वाजवून दाखवू का’ म्हणतंच. नको म्हणायचं. दंडक १९९५ ची. तिच्यात काही ठिकाणी सरपटत जावं लागतं, तेव्हा तुमच्या गटासाठी ती मी धरतच नाही. कोणत्या मोसमात कोणती गुहा पर्यटकांसाठी उघडी ठेवायची हे वनखातं ठरवतं, म्हणून फोन करताना तिन्हींची नावं घेऊन विचारा. नुसतं ‘गुहा चालू आहे का’ विचारलं तर नुसतंच ‘हो’ येतं.

तुमच्या कुटुंबासाठी कुटुमसर पुरे. तिच्यातच पूर्ण सकाळ घाला.

आत शिरण्याचा भाग जरा नीट सांगतो, कारण कोण उतरू शकेल हे तिथेच ठरतं. गुहेचं तोंड म्हणजे डोंगराच्या अंगात एक उभी अरुंद चीर. पाठीवरची सॅक काढून हातात घ्यावी लागते, अंगाने जरा जाड माणसाला खांदा पुढे काढून तिरकं व्हावं लागतं. लगेच वळणावळणाच्या, दमट, निसरड्या पायऱ्या सुरू होतात. दहा-बारा पावलांत बाहेरचा उजेड संपतो. डोकं एका ठिकाणी खाली घ्यायचं, तोवर पुढच्या पायरीवर पाय शोधायचा, आणि मागून कोणीतरी ‘चला, चला’ करत असतं. ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांना इथेच होतं. एकदा मोठ्या दालनात उतरलं की बहुतेकांचा जीव मोकळा होतो. म्हणून पहिली दहा मिनिटं घाई करायची नाही. वाटाड्या सगळ्यांच्या पुढे आणि गटातलं सगळ्यात शांत माणूस सासूबाईंच्या पुढे, असा क्रम लावा. नऊ वर्षांचं पोरगं मधे, मोठ्या माणसाच्या हाताशी. तेरा वर्षांच्या मुलाला पुढे राहायची हौस असेल तर वाटाड्याच्या मागोमाग ठेवा, एकटं पुढे सोडू नका.

याची चाचणी घरबसल्या करता येते. एखाद्या रविवारी सगळ्यांना पन्हाळ्यावर अंधार बावडीत न्या. वरचा भाग नव्हे, खालच्या अंधाऱ्या वळणाच्या पायऱ्या, जिथवर जाऊ देतात तिथवर. मोबाईलचा दिवा बंद करून दोन मिनिटं सगळ्यांना तिथे उभं करा. कोणाचा श्वास भरतो, कोणाचे गुडघे उतरताना थरथरतात, कोण गप्प होतं, हे तुम्हाला बघता बघता कळेल. तिथे ज्यांना जड गेलं त्यांनी कुटुमसरमध्ये उतरायचं नाही, आणि हे कोल्हापुरातच ठरलेलं असावं. ‘एवढं लांब आलोय तर’ असं म्हणून गुहेच्या तोंडाशी घेतलेला निर्णय वाईट ठरतो.

दुसरा गैरसमज थंडाव्याचा. लेण्यात शिरलं की गार वाटतं, म्हणून लोक आत स्वेटर घालून जातात. कुटुमसरच्या आत वर्षभर साधारण २८ अंशांच्या आसपास तापमान असतं आणि हवा ओली असते, वारा नसतो. पाच मिनिटांत घाम निथळतो, चष्म्यावर वाफ धरते. गर्दी असेल तर श्वासामुळेच हवा आणखी जड होते. तुमच्या दिरांच्या बाबतीत हाच खरा प्रश्न आहे. इन्हेलर खिशात, सॅकमध्ये नाही. डॉक्टरांना निघण्यापूर्वी नेमकं सांगा: वारा नसलेली दमट जागा, अर्धा-पाऊण तास, परत चढून यायचं. त्यांनी होकार दिला तरी सकाळच्या पहिल्या तुकडीतच जायचं, आणि वटवाघळांच्या विष्ठेची धूळ असते तिथे थांबायचं नाही. त्या धुळीत फुप्फुसाला बाधणारी बुरशी असू शकते, म्हणून नाकावर साधा नव्हे, नीट बसणारा मास्क हवा. मास्क लावून चालताना धाप लागत असेल तर दिरांनी बाहेरच थांबलेलं बरं. सासूबाई आत उतरल्या नाहीत तर त्यांच्याबरोबर कोणीतरी बाहेर राहावं लागणारच आहे, आणि गुहेच्या बाहेरचं साल वृक्षांचं जंगल हे काही नुसतं वेळ घालवायचं ठिकाण नव्हे, तेही बघायचंच आहे.

आत काय बघायचं? लोक स्तंभ बघतात, फोटो काढतात आणि वळतात. मी तुम्हाला पाण्याच्या डबक्यांपाशी थांबायला सांगेन. वाटाड्याला म्हणा, घाई नाही, मासे दाखव. बोटाच्या पेरांएवढे फिकट, गुलाबीसर मासे तळाशी गाळावर असतात. पिढ्यानपिढ्या अंधारात राहून त्यांचे डोळे खुरटलेत आणि रंग गेलाय. अभ्यासकांनी या माशाची नोंद इंडोरिओनेक्टेस एव्हझार्डी या जातीखाली केली. त्या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८७२ मध्ये झालं ते पुण्याच्या माशांवरून. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत दगडाखाली राहणारे, डोळस, अंगावर पट्टे असलेले मासे आणि हे आंधळे फिकट मासे एकाच गोतातले. भिंतीवर लांबलचक मिशांचा रातकिडा दिसला तर तोही नीट बघा, त्याचं शास्त्रीय नाव केम्पिओला शंकरी, डॉ. तिवारींच्या नावावरून. झोत थेट माशावर धरून ठेवू नका, बाजूला पाडा आणि कडेच्या उजेडात बघा. पाण्यात बोट घालायचं नाही, बिस्किटाचा तुकडा टाकायचा नाही. त्या पाण्यात अन्न मुळातच कमी येतं आणि सगळी साखळी त्या कमीपणावर जमलेली आहे. बाहेरचं अन्न पडलं की पाणी सडतं.

परतताना मोठ्या दालनात सगळ्यांचे दिवे एक मिनिटभर बंद करायला लावा. मुलांना हे आयुष्यभर लक्षात राहतं.

जंगलाबद्दल. दाजीपूरला आपण गवा बघायला जातो आणि बहुतेक वेळा दिसतोही. कांगेर तसं नाही. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जंगल साधारण २०० चौरस किलोमीटरचं, म्हणजे राधानगरी अभयारण्यापेक्षा बरंच लहान आणि नदीच्या कडेने लांबट पसरलेलं. वाघ बघायचा असेल तर ताडोब्याला जा. इथलं वैशिष्ट्य झाडांत आहे: उत्तरेकडचं सालाचं जंगल आणि दक्षिणेकडचं सागाचं जंगल इथे एकमेकांत मिसळतात. पक्ष्यांत बस्तरची पहाडी मैना, छत्तीसगडचा राज्यपक्षी. काळी कुळकुळीत, डोळ्यामागे पिवळी पट्टी, आणि माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करते. त्या गुणापायीच ती पिंजऱ्यात गेली आणि जंगलातून कमी झाली. आता आसपासच्या गावांतली तरुण मुलं ‘मैना मित्र’ म्हणून तिची घरटी राखतात. त्यांच्यातला कोणी सकाळी बरोबर मिळाला तर इतर सगळं सोडून त्याच्याबरोबर जा. वाळक्या, उंच झाडांच्या ढोलीपाशी सूर्य वर यायच्या सुमारास ती दिसते. भैंसादरहा नावाच्या डोहात मगरी आहेत. तिथे मुलांना काठावर उतरू देऊ नका.

प्रवासाचं आपलं नशीब चांगलं. शाहू महाराज टर्मिनसवरून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस मिरज, पुणे, मनमाड, नागपूर करत थेट गोंदियाला जाते. दुपारी बसायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी-रात्री उतरायचं. घरून भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा बांधून घेतला की प्रवास निम्मा सोपा. पुढची गाडी त्याच रात्री धरू नका. गोंदियाला मुक्काम करा. सकाळी निघून डोंगरगड, राजनांदगाव, दुर्गमार्गे दुपारपर्यंत रायपूर. रायपूरहून जगदलपूर रस्त्याने ३०० किलोमीटर. रेल्वेने जायचं तर ओडिशातून मोठा वळसा पडतो, तो सोडा. रात्रीच्या बस भरपूर आहेत, पण ज्येष्ठ माणूस आणि लहान मुलं असताना टेम्पो ट्रॅव्हलर करून दिवसा जा. पहिल्या दिवशी कांकेरपर्यंत, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी केशकालचा घाट उजेडात चढायचा. मालट्रकांमुळे तिथे खोळंबा होतो, तेवढा वेळ धरून ठेवा. मग कोंडागाव. तिथे ढोकरा कलेचे कारागीर घरात बसून पितळी मूर्ती ओततात. मेणाच्या तारा मातीच्या गाभ्यावर गुंडाळतात, वर मातीचा लेप, मग भट्टी, मेण वितळून जातं आणि त्या जागी धातू. हुपरीच्या चांदीच्या कामाशी आपली ओळख असल्यामुळे कोल्हापूरकरांना हे बघताना फार रस वाटतो. दुपारी जगदलपूर.

येताना रायपूरहून विमान. थेट कोल्हापूरला नाही, मुंबई किंवा हैदराबादला बदलावं लागेल. जगदलपूरलाही विमानतळ आहे, पण तिथल्या सेवा सुरू-बंद होत असतात, तेव्हा त्या वेळी चालू असेल तर फायदा घ्या, त्यावर बेत रचू नका. असं धरलं तर घर ते घर नऊ दिवस. त्यातले जगदलपूरभोवतीचे तीन पूर्ण दिवस शक्यतो कापू नका. खर्च किंवा रजा वाचवायची असेल तर कोंडागाव सोडा, चित्रकोटचा धबधबा सोडा, पण गुहेचा दिवस दुसऱ्या कशाला जोडू नका.

त्या तीन दिवसांत पहिला कुटुमसरचा. जगदलपूरहून सुकम्याच्या रस्त्याला लागायचं, तासाभरात नाका येतो. तिथे पावती, सगळ्यांची ओळखपत्रं, वाटाड्या आणि आत जायला जिप्सी. गाड्या मोजक्या असतात, म्हणून नाका उघडायच्या आधी पोचा. गुहेनंतर कांगेर धारा: नदी खडकाच्या पायऱ्यांवरून उतरते, पाण्यात पाय सोडून बसण्याजोगी जागा. दुसरा दिवस तीरथगड आणि धुडमारास. तीरथगडचं पाणी सुमारे ३०० फूट टप्प्याटप्प्याने खाली येतं, पण तळाशी जायला खूप पायऱ्या आहेत. सासूबाईंनी वरूनच बघावं. धुडमारास हे उद्यानाला लागून असलेलं धुरवा आदिवासींचं गाव. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने उत्तम पर्यटन गावांच्या विकास कार्यक्रमासाठी ते निवडलं. गावातली मुलंच कांगेर नदीत बांबूच्या तराफ्यावरून फिरवून आणतात, राहायला घरगुती सोय आहे, जेवण पानावर वाढतात. एक रात्र तिथे काढता आली तर काढाच. जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. लाल मुंग्यांची चापडा चटणी मिळाली तर चाखून बघा, आंबट-तिखट असते आणि आपल्या जिभेला परकी वाटत नाही. तिसऱ्या दिवशी इंद्रावतीवरचं चित्रकोट, उतरत्या उन्हात.

सुरक्षिततेबद्दल झाकून काही सांगणार नाही. २५ मे २०१३ चा झीरम घाटीतला माओवाद्यांचा हल्ला याच सुकमा रस्त्याच्या, दरभाच्या पट्ट्यातला. घरातल्या मोठ्यांना ती बातमी आठवत असेल तर त्यांची काळजी खोटी नाही. त्यानंतर परिस्थिती पुष्कळ बदलली, जगदलपूर, तीरथगड, कुटुमसर, चित्रकोट या भागात पर्यटकांची नेहमीची ये-जा आहे, आणि मी स्वतः तिथे कुटुंबं नेतो. तरीही माझे काही नियम आहेत. निघायच्या आठवड्यात उद्यानाच्या आणि पोलिसांच्या कार्यालयात फोन करून विचारायचं. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं. आतल्या गावांच्या फाट्यावर हौसेने गाडी वळवायची नाही. पोलीस चौक्यांचे, जवानांचे फोटो नाहीत, ड्रोन तर घरीच ठेवायचा. स्थानिक ड्रायव्हर ‘आज नको’ म्हणाला तर वाद घालायचा नाही.

सामानात प्रत्येकाला डोक्याला बांधायची बॅटरी हवीच. वाटाड्याकडे दिवा असतो, पण तो पुढे असतो आणि तुम्ही मागे. तळाला खोल खाचा असलेले, आधी वापरून सैल झालेले बूट घाला. चपला, क्रॉक्स, नवे कोरे बूट नकोत. जीन्स ओली झाली की जड होते आणि वाकता येत नाही, साधी सुती पँट बरी. गुहेतून आल्यावर बदलायला कपड्यांचा एक जोड गाडीत ठेवा. सुट्टे पैसे ठेवा, आत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. ओआरएसची पाकिटं घ्या, घाम खूप जातो.

सगळ्यात महत्त्वाचं औषध मात्र डासांसाठी. बस्तर हा मलेरियाचा, त्यातही फॅल्सिपेरम या धोकादायक प्रकाराचा जुना पट्टा आहे. थंडीतही बेफिकीर राहू नका. संध्याकाळपासून पूर्ण बाह्या, पायमोजे, अंगाला डास पळवणारं मलम, गावात राहिलात तर मच्छरदाणी. प्रतिबंधक गोळ्या कोणाला द्यायच्या हे निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, मुलांचं आणि सासूबाईंचं वेगळं विचारा. कोल्हापुरात परतल्यावर पुढचे एक-दोन महिने कोणाला थंडी वाजून ताप आला, तर ‘हवा बदलली’ म्हणून दोन दिवस थांबू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही बस्तरला जाऊन आलोय.